बेटाचं आवतन

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, शेतात जेवायचा सण. तिच्या आदल्या दिवशी बेटावर होतं ते एवढंच. महादेवाचं देऊळ एक. चिंचेची झाडं अकरा, त्यातलं एक वठलेलं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, एक, तिच्यात चुना फासलेले पाच दगडाचे पांडव. पळसाच्या पत्रावळी अडीचशे. आंबिलीचे रांजण दोन, गळ्यापर्यंत भरलेले, ओल्या घोंगडीनं झाकलेले. आणि विहिरीत पाणी नऊ फूट चार इंच.

मोजणारी शिवकांता होती. किशन भोयाचा नाव रेटायचा वासा तिनं मागून घेतला होता आणि त्याच्यावर लाल रंगानं फुटा-इंचाच्या खुणा काढल्या होत्या. वासा विहिरीच्या पायऱ्यांवरून तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा, ओल कुठवर चढली ते वाचायचं. उदगीरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन ती गावी परत आली तेव्हा नोकरी नव्हती, पण काही ना काही मोजल्याशिवाय तिला करमत नसे.

बेटसांगवीचा तलाव निजामाच्या काळातला. त्याच्या मधोमध हे बेट. दोन वर्षं पावसानं हात आखडला आणि तलावाचा तळ उघडा पडला. गाळ सुकला, भेगाळला, त्यावरून बैलगाड्यांची वाट पडली. किशनची नाव काठापासून हाकेच्या अंतरावर एका अंगावर कलंडून पडली होती. तलाव गेला, पण बेटावरची खडकात खोदलेली विहीर राहिली. काठावरच्या भोईवस्तीतली चाळीस घरं आता तिच्यावरच जगत होती. झरा रोज देई त्यापेक्षा वस्तीला रोज थोडं जास्त लागे. ती तूट मिरगापर्यंत भरून निघायची तर येळवस उरकल्यावर विहिरीत आठ फूट पाणी उरायला हवं होतं. शिवकांतानं हा हिशेब तीनदा करून पाहिला होता. सणासाठी सोळा इंच मोकळे होते. तेवढ्यात पूजा, भांडी, हातपाय धुणं सहज भागायला हवं होतं, कारण येळवसला बेटावर लोक आपलं खाणंपिणं आपल्या डोक्यावर आणतात. बाईच्या डोक्यावर आंबिलीचा घडा, बिंदगी, नाही अशी येळवस कुणी पाहिलीय?

आता खुपत होता तो एकच शब्द, आणि तो का खुपतोय हे तिला अजून कळलं नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी देवस्थानचे पंच देवळाच्या ओट्यावर बसले होते. प्रमुख अमृतराव, म्हणजे शिवकांताचे सख्खे काका. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत पाहण्यासारख्या ठिकाणांची नावं गोळा होत आहेत, असं अमृतरावांच्या कानावर आलं होतं.

"यंदा येळवसला माणूस दिसलं पाहिजे बेटावर," ते म्हणाले. "साहेब येवो न येवो, गर्दीची बातमी जाती. रस्ता होईल, धर्मशाळा होईल. नाव लागलं तर आत्ताच लागंल. शिवकांता, कागद तू लिही."

तिनं लिहिलं, 'येळवसचं निमंत्रण'. मग खोडलं.

"काका, निमंत्रण म्हणजे लग्नपत्रिका वाटते. 'आवतन' लिहिते."

"वा!" अमृतरावांनी मांडीवर थाप मारली. "ही आपली बोली. बाहेरून आलेल्या सायबास्नी कळू दे, हा जिल्हा कसा बोलतो."

खाली त्यांचं नाव घालून कागद उदगीरला छापला. उदगीर, लातूर, देगलूर, नांदेड, जिथं जिथं एस.टी. थांबते तिथं चिकटवला. 'येळवसचं आवतन. बेटसांगवीच्या बेटावर समस्तांनी सहकुटुंब यावं.'

बेटावर दरवर्षी बाराशे माणूस येई. यंदा फार तर दीडपट, असं शिवकांतानं धरलं होतं.

*

येळवसच्या सकाळी ऊन अजून कोवळं होतं तेव्हाच तलावाच्या गाळावर माणसांची रांग दिसू लागली. सगळ्यांत पुढं उदगीरचे कापडवाले शरणप्पा. मागं घरची चौदा माणसं, सुना, नातवंडं, म्हातारी आई. सगळ्यांचे कपडे कडक इस्त्रीचे आणि सगळ्यांचे हात मोकळे.

शिवकांतानं हसून लिंगायतांच्या रीतीनं नमस्कार केला. "शरणार्थी, अप्पा. बिंदगी मागनं येतीय का?"

"कसली बिंदगी?" शरणप्पा बुचकळ्यात पडले. मग हसले. "ऐकलं का गं? बाई विचारतीय, बिंदगी कुठाय! अहो, आवतन देऊन बोलावलंत ना? तुमच्या गावात जेवायला बोलावतात आन् भाकरी घरून आण म्हणतात होय?"

सुना पदरात तोंड घालून हसल्या. शिवकांताही हसली, मग थांबली.

निमंत्रण म्हणजे या. आवतन म्हणजे जेवायला या. आवतन असलेल्या घरी शिदोरी घेऊन जाणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर त्याला भिकारी म्हणणं. हे तिला पाळण्यातून ठाऊक होतं. कागदावर लिहिताना तेवढं ध्यानात राहिलं नव्हतं. खुपत होतं ते हे.

ती रांगेच्या बाजूबाजूनं काठाकडं चालत गेली. देगलूरचे शिक्षक, नांदेडहून आलेले रेल्वेतले लोक, लातूरच्या नव्या कचेऱ्यांतले कारकून. ज्यांना स्वतःचं शेत नाही अशी सारी शहरं येळवसला ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत धरतात. यंदा त्यांनी बेट धरलं होतं. एकाच्याही डोक्यावर बिंदगी नव्हती. मागं बांधावर एस.टी. उभी राहिली, रिकामी झाली, वळली, आणि दुसरी आली.

"बाराशे व्हय?" किशन कलंडलेल्या नावेला टेकून उभा होता. "अक्का, बाराशे कुणी सांगितलं तुमाला?"

"तूच तर सांगायचास, दादा. दर साली बाराशे."

"मी काय सांगितलं? नाव माजी, वीस माणसांची. दिवसाच्या साठ खेपा. बाराशे माझ्या नावेत मावायची. काठावर ऱ्हायलेली कुणी मोजली? सांजच्याला शिव्या देऊन माघारी जायची की निम्मीअर्धी."

शिवकांतानं नावेकडं पाहिलं. इतकी वर्षं ती येऊ इच्छिणाऱ्यांचा आकडा म्हणून जो मोजत आली, तो फक्त नावेचा आकडा होता. तलावाचं पाणी म्हणजे बेटाचं कुंपण होतं, आणि नेमकं घोटभर पाण्याला महाग झालेल्या सालीच ते कुंपण मोडलं होतं.

तेवढ्यात काठावरच्या शेतातली मंजुळाबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "काय गं शिवकांता, आमची पाव्हणी पळवलीत की! दरसाल उदगीरची सा बिऱ्हाडं माझ्या शेतात जेवतात. यंदा म्हणाली, बेटाचं आवतन हाय. एवढी भज्जी केली, खीर केली, आता काय बैलाला घालू?"

"मावशी, नंतर बोलते."

"बोल की नंतर. आंबील काय आंबायची थांबतीय!"

शिवकांता बेटाकडं धावली.

*

विहिरीच्या पायऱ्यांवर बादल्यांची झुंबड होती. पंचांनी पाहुण्यांसाठी म्हणून चार दोर लावले होते, आणि चालून आलेले लोक पीत होते, पोरांची तोंडं धूत होते, कुणी शेंबडी फडकी पिळत होतं. शिवकांतानं वासा सोडला. आठ फूट अकरा. स्वयंपाकाला आणखी दोन चुली मांडल्या होत्या, त्यांनी घागरी मागवल्या. पुन्हा सोडला. आठ फूट सात. अजून अर्धी रांग गाळातच होती.

तिनं वासा वर काढला तो कुणीतरी तिच्या हातातून घेतला. किशन. त्याच्या मागं त्याची बायको रुक्मिणबाई आणि वस्तीतल्या चारपाच बाया. किशननं वासा पायऱ्यांवर आडवा धरला.

"बास. आता एक घागर बी न्हाई."

"ए, सरक रे," पायजम्यातला एक तरुण म्हणाला. "देवाच्या विहिरीवर पहारा कसला?"

"देवाची हाय. तवाच राखून राहिलोय."

"आवतन दिलंय आम्हाला!"

"मी न्हाई दिलं."

तरुणानं वासा ढकलला. किशन एक पायरी खाली घसरला, पण वासा सोडला नाही. एक घागर निसटली, पायऱ्यांवर आपटत गेली आणि पाण्यात बुडाली. मग एकदम सगळे बोलू लागले. रुक्मिणबाईनं पदर खोचला आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

गर्दी दुभंगली. अमृतराव आले. कपाळावर भस्म, अंगावर नवं धोतर, तोंड लाल झालेलं.

"किशन, वासा खाली ठेव."

"मालक, आठ फुटाच्या खाली गेलं की आमचा वैशाख गेला. अक्कानं स्वतः हिशोब केलाय. इचारा."

"दारी आलेल्याला पाणी नाही म्हणायचं? या बेटावर? माझ्या नावानं कागद गेलाय गावोगाव."

"ह्यांच्या दारी नळ हाय, मालक," किशन म्हणाला. "माज्या दारी हे हाय."

अमृतरावांनी पुतणीकडं पाहिलं. शिवकांता त्यांना बाजूला घेऊन गेली.

"काका, खरं सांगू या त्यांना. पाणी नाही, जेवण नाही, माफ करा."

"आणि मग?" ते आवाज खाली आणून म्हणाले. "आवतन देऊन उपाशी लावलं असं एकदा झालं, की ह्या घरचं आवतन पुन्हा कुणी घ्यायचं नाही. तुझ्या बहिणीचं लग्न हाय चैतात. मांडवात कोण येईल? नव्या जिल्ह्यात नाव व्हायचं होतं ना, हे होईल."

ते चुकीचं बोलत नव्हते. तिनं शरणप्पांना गाठलं. ते चिंचेखाली म्हाताऱ्या आईला पंच्यानं वारा घालत बसले होते.

"अप्पा, तुम्ही उठलात तर बाकीचे उठतील. इथं पाणी कमी आहे."

"दिसतंय की बाई." शरणप्पा सावरून बसले. "आम्हाला काय उपाशी बसायची हौस हाय? पण आवतन घेतलं आन् ओठ न भिजवता उठलो, तर तुमच्या काकांचा अपमान आन् आमचा बी. उद्या बाजारात एकमेकांच्या तोंडाकडं कसं बघायचं?"

शिवकांता तशीच उभी राहिली. "काय म्हणालात, अप्पा?"

"बाजारात म्हणलो…"

"त्याच्या आधी. ओठ."

लग्नसराईत एकाच दिवशी दोन घरची आवतनं येतात. तेव्हा कुणी दोनदा पोटभर जेवत नाही. एका घरी घासभर तोंडी लावायचं, यजमानानं 'बरं, झालं' म्हणायचं, आणि पाहुण्यानं दुसऱ्या घरी पंगतीला बसायचं. ओठ भिजले की आवतन फिटलं. मग पाहुणा मोकळा आणि यजमानही मोकळा.

दोन रांजण. एकेकात शंभर लिटर तरी आंबील. देवळातली चांदीची पळी पन्नास मिलिलिटरची असावी. वीस पळ्यांना एक लिटर. म्हणजे दोन्ही रांजण मिळून चार हजार पळ्या. तिनं बेटाभोवती नजर फिरवली. माणसं चार हजारांच्या आत असावीत. बांधावर एस.टी. अजून येत होत्या.

आणि जेवण? तलावाच्या काठानं शेतं होती, शेताशेतात कोप उभी होती, कोपीकोपीतून धूर निघत होता. प्रत्येक घरानं रीतीप्रमाणे पाहुण्यांना पुरेल असं रांधलं होतं, आणि पाहुणे सगळे इथं होते.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "प्रत्येकाला एक पळी आंबील द्यायची. आणि म्हणायचं, आवतन फिटलं. मग काठावरच्या शेतांत जेवायला जातील. मंजुळामावशी सकाळपासून पाहुण्यासाठी तळमळतेय."

अमृतरावांच्या भुवया चढल्या. "पळीभर पाजून हाकलायचं?"

"हाकलायचं नाही. वाटून द्यायचं. सगळ्या शिवाराचे पाहुणे आपण एकट्यानं अडवून ठेवलेत."

"मग दे तू."

"माझ्या हातानं चालायचं नाही. शब्द माझा होता, तो चुकला. पण आवतन तुमच्या नावानं आहे."

पायऱ्यांकडून पुन्हा आरडाओरड आली. कुणीतरी दोर सोडला होता. शिवकांतानं काकांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. ती पायऱ्या उतरून किशनजवळ गेली.

"दादा, तुझी हाक पाहिजे. उतारूंची."

नाव चालायची त्या दिवसांत बेटावर उतारू जमले की किशन नावेत उभा राहून काठाकडं हाक द्यायचा. ती हाक काठावरच्या सातही शिवारांत ओळखीची होती. तिचा अर्थ एकच, इकडं माणसं खोळंबलीत.

"मी हितनं हाललो तर हितं कोण?"

"मी."

किशननं तिच्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. रुक्मिणबाई म्हणाली, "जावा. आम्ही हाव की."

त्यानं वासा शिवकांताच्या हातात दिला आणि गर्दीतून वाट काढत गेला. थोड्या वेळानं तो कलंडलेल्या नावेच्या वरच्या काठावर चढलेला दिसला. हाताचा द्रोण तोंडाला लावून त्यानं हाक दिली.

"हैऽऽऽ उताऽऽरू!"

कोरड्या तलावावरून हाक गेली. काठावर काही हललं नाही.

"तू कोण गं अडवणारी?" तो पायजम्यातला तरुण आता तिच्यासमोर होता.

"आवतन लिहिणारी."

"मग पाज की पाणी!"

"आधी आंबील घ्या. रांजणाकडं जा."

तिला देवळाकडं पाहायचं धाडस होत नव्हतं. काका तिथंच उभे असतील, हात मागं बांधून, तर ती खोटी ठरणार होती. एक बाई कडेवर तान्हं घेऊन पुढं आली, काही न बोलता नुसता रिकामा तांब्या पुढं केला. शिवकांतानं रुक्मिणबाईकडं पाहिलं. रुक्मिणबाईनं तांब्या घेतला, बुडवला, दिला. मागून लगेच सात हात पुढं आले. रुक्मिणबाई म्हणाली, "तान्हं असंल त्यानंच हात काढा." तीन हात मागं गेले, चार तसेच राहिले. शिवकांतानं वासा दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"हैऽऽऽ उताऽऽरू!"

आणि मग मागून, देवळाकडून, अमृतरावांचा आवाज आला. पंगतीत वाढताना लावायचे तो चढा, खणखणीत आवाज. "या अप्पा! ओंजळ करा. आई, तुमी बसूनच घ्या. ओठ भिजले? बरं. माझं आवतन फिटलं. आता कुणाच्या बी शेतात जेवा, माझी आण हाय, उपाशी जाऊ नका."

शरणप्पांनी ओंजळीतली आंबील पिऊन मिशा पुसल्या. "लसूण चांगला पडलाय," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पण जायचं कुठं? बोलावल्याशिवाय?"

त्याला उत्तर काठावरून आलं. आधी एकच आवाज, बारीक, बाईचा, मंजुळाबाईचाच असावा.

"याऽऽऽ, जेवायला याऽऽऽ!"

मग दुसऱ्या बांधावरून. मग तिसऱ्या. काठाच्या गोलाकार रेषेवर फेटे आणि पदर उभे राहिले, हात हलू लागले. कुणी बिंदगीच डोक्यावर घेऊन गाळात उतरलं. किशन नावेवरून खाली उतरायला विसरला होता.

पायऱ्यांवरची गर्दी एकदम कमी झाली नाही. आधी मागचे वळले, मग मधले. पायजम्यातला तरुण सगळ्यांच्या शेवटी गेला. जाताना म्हणाला, "असं आधी सांगायचं ना, ताई."

"आधी मलाच ठाऊक नव्हतं," शिवकांता म्हणाली.

रांजणांपाशी रांग लागली ती ऊन कलेपर्यंत हलत राहिली. एस.टी.तून नवे उतरत, त्यांना बांधावरच शेतकरी गाठत. म्हणत, "आधी बेटावर जाऊन ओठ भिजवून या, मग आमच्याकडं." दुसरा रांजण तळाला गेला तेव्हा अमृतरावांनी पळी अर्धी भरायला सुरुवात केली. पत्रावळी अडीचशेच्या अडीचशे उरल्या. चुलीवरचं रांधलेलं भोईवस्तीत गेलं.

दिवे लागायच्या वेळी अमृतराव विहिरीपाशी आले. उजवा हात डाव्या हातानं चोळत होते. किशनही आला. मालकाकडं न पाहता पायरीवर बसला.

"किती हाय?" अमृतरावांनी विचारलं.

शिवकांतानं वासा सोडला, ओढला, खुणेवर बोट ठेवलं. "सात फूट अकरा."

किशननं वाकून ओलीवर स्वतः बोट फिरवलं.

"रात्रीचं पाणी कुणी भरू नका म्हणावं वस्तीला," रुक्मिणबाई शेवटी म्हणाली. "मंजुळाबाईनं दोन बिंदग्या आंबील धाडलीय. आजची रात निघंल. झऱ्याला जरा दम खाऊ द्या."

त्या रात्री विहिरीत घागर बुडाली नाही. उजाडलं तेव्हा शिवकांता पायऱ्या उतरली. वासा कोरडा आहे ना ते तिनं पदरानं पुसून पाहिलं, तळाला टेकेपर्यंत सोडला, सरळ वर काढला.

आठ फूट एक इंच.